नाथसागराची सहल : एका प्रवासाचा पूर्वेतिहास

१

छत्रपती संभाजीनगर (२०२३ पूर्वीचे औरंगाबाद) शहराच्या गारखेडा परिसरात पुंडलिकनगर ही दाट वस्तीची वसाहत आहे. सुट्टीच्या दिवशी येथील कुटुंबे जी सहल काढतात तिचे ठिकाण बहुधा ठरलेले असते. दक्षिणेस सुमारे ५० किलोमीटरांवर पैठण. तेथे धरण आणि त्यामागचा नाथसागर. मग नाथांच्या समाधीचे दर्शन, पैठणीचे माग, काठावर बसून सोडलेली शिदोरी आणि दिवेलागणीच्या सुमारास परतीचा प्रवास. या क्रमात कोणास काही विशेष वाटत नाही. ज्या पाण्याचा विस्तार पाहण्यास ही मंडळी जातात, तेच पाणी शुद्ध होऊन त्यांच्या वसाहतीच्या जलकुंभात येते आणि तेथून, बऱ्याचदा काही दिवसांच्या खंडाने, त्यांच्या नळास येते, याचीही सहसा कोणी नोंद घेत नाही.

तथापि इतिहासाच्या दृष्टीने ही एक दिवसाची सहल विचार करण्याजोगी आहे. पैठणास जाण्याचा प्रघात पुष्कळ जुना; नाथसागर मात्र १९७६ चा. जुन्या प्रवासास यात्रा म्हणत, नव्यास सहल म्हणतात. या दोहोंत केवळ नावाचा भेद आहे, की पाण्याशी असलेला माणसाचा संबंधच या अवधीत पालटला आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

प्रारंभी शब्दांचा विचार करणे सोयीचे होईल. 'यात्रा' हा शब्द 'या' म्हणजे जाणे या धातूपासून आलेला असून 'जत्रा' हे त्याचेच तद्भव रूप होय. मराठीत दोन्ही रूपे टिकली आणि त्यांनी कामे वाटून घेतली: यात्रा दूरची, जत्रा गावची. दोहोंनाही तिथी लागते, दैवत लागते आणि फळही लागते. सहलीस यांपैकी काहीच लागत नाही. तिला मोकळा दिवस पुरतो.

याहून महत्त्वाचा शब्द 'तीर्थ' हा आहे. तो 'तॄ' म्हणजे तरून जाणे या धातूपासून बनला. त्याचा मूळ अर्थ पवित्र स्थळ असा नसून नदी ओलांडण्याजोगी जागा, पाण्यात उतरण्याचा घाट असा आहे. मराठीतील 'उतार' हा शब्दही त्याच धातूचा, आणि 'नदीला उतार आहे' असे म्हणताना तो मूळ अर्थ आजही जिवंत असतो. जेथे उतार तेथे वाटा एकत्र येत, वाटसरू थांबत, बाजार भरे, देऊळ उभे राही. तीर्थाचे पावित्र्य अशा रीतीने वाहतुकीच्या सोयीवर उभे होते. तीर्थास जाणारा माणूस पाण्यात उतरण्यास जाई. त्याला पाणी पायांनी ठाऊक असे.

'जलाशय' या शब्दाची घडण निराळी आहे. 'आशय' म्हणजे साठून राहण्याचे स्थान. जलाशय म्हणजे पाणी जेथे साठून राहते ती जागा. त्यात ओलांडण्याची कल्पना नाही. जलाशयास उतार नसतो. त्याच्या काठी गेलेला माणूस पाण्यात उतरत नाही, पाणी पाहतो. यात्रेची सहल झाली ती केवळ श्रद्धा ओसरली म्हणून नव्हे. नदीचा जलाशय झाला हेही तिचे एक कारण आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे.

३

पैठणास पाहुण्यांची सवय दोन सहस्र वर्षांची आहे. 'प्रतिष्ठान' या संस्कृत नामाचे प्राकृत रूप 'पइट्ठाण' असे झाले आणि त्यातून 'पैठण' हे मराठी रूप आले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात हे नगर 'पैठाना' असे येते, तर दुसऱ्या शतकातील टॉलेमीच्या भूगोलात 'बैठाना' असे. परक्यांनी जे उच्चार टिपले ते संस्कृत नामाचे नसून लोकांच्या तोंडी असलेल्या नामाचे आहेत. म्हणजे त्या काळीच प्राकृत रूप रूढ होते. 'पेरिप्लस'कार या नगराचे अंतर भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेचे सांगतो आणि येथून गोमेदासारखे मौल्यवान दगड गाड्यांनी भडोचास जात असल्याचे नमूद करतो. हालाच्या नावे प्रसिद्ध असलेल्या 'गाथासप्तशती'त गोदावरी 'गोला' या नावाने वारंवार भेटते, आणि ती काठावरच्या लोकांच्या रोजच्या व्यवहारातील नदी आहे.

मध्ययुगात या व्यवहारावर भक्तीचे संस्कार झाले. महानुभावांच्या चक्रधरस्वामींचा पैठणाशी संबंध आला. ज्ञानदेव भावंडांसह शुद्धिपत्रासाठी येथे आले आणि त्यांनी रेड्यामुखी वेद वदविले ही कथा नागघाटाशी जोडली गेली. तेच ज्ञानदेव पुढे प्रवरेकाठी नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, गीतेवरील टीका सांगते झाले. आणि पैठणचे एकनाथ (१५३३–१५९९) यांनी शके १५०६ मध्ये त्या टीकेची प्रत शुद्ध केली. नेवासे आणि पैठण ही मराठी भाषेच्या इतिहासातील दोन मोठी स्थळे अशा रीतीने एका नदीव्यूहाने जोडलेली आहेत. आज त्यांच्या दरम्यानचा बराच प्रदेश नाथसागराच्या पाण्याखाली आहे.

एकनाथांनी गोदावरीत जलसमाधी घेतली अशी परंपरा आहे. फाल्गुन वद्य षष्ठीस, नाथषष्ठीच्या दिवशी, त्यांचा उत्सव होतो आणि दूरदूरच्या दिंड्या पैठणास येतात. या उत्सवाचा आरंभ पाण्यानेच होतो. नाथांच्या घरी श्रीखंड्याच्या रूपाने देवाने पाणी भरले अशी श्रद्धा असून गावातील नाथवाड्यात तो रांजण दाखविला जातो. तुकाराम बीजेपासून त्यात पाणी घालण्यास प्रारंभ होतो आणि तो भरला म्हणजे देव आला असे मानतात. साठविलेल्या पाण्याचे हे सर्वांत लहान आणि सर्वांत जुने असे पैठणचे प्रमाण होय. कावड, खांदा आणि रांजण एवढाच त्याचा व्याप होता.

४

ज्या शहरातून आजची सहल निघते त्या शहराची पाण्याशी मैत्री मात्र दुसऱ्या परंपरेतील आहे. मलिक अंबराने १६१० मध्ये वसविलेल्या खडकी नगरास डोंगरातील पाणी भूमिगत नळमार्गांनी आणले. त्या योजनेचे नाव नहर-ए-अंबरी. 'नहर' आणि 'हौद' हे दोन्ही शब्द मूळ अरबी. या परंपरेत पाणी वास्तूत आणून बसवितात, त्याला कारंज्यात उडवितात, चादरीसारखे पसरवितात आणि त्याच्या काठी सावलीत बसतात. १८व्या शतकातील पाणचक्की हे तिचे ठळक उदाहरण. तेथे दूरच्या टेकडीवरून आलेल्या पाण्याने जाते फिरे, दर्ग्यात येणाऱ्या फकिरांना व वाटसरूंना पीठ मिळे, आणि हौदाकाठी विसावाही मिळे. उपयोग आणि आनंद यांची येथे फारकत झालेली नव्हती. दिल्ली दरवाजाबाहेरील खिज्री तलाव याच मालिकेतील. पक्षितज्ज्ञ सलीम अली यांचे नाव त्यास अलीकडच्या काळात मिळाले.

म्हणजे नाथसागराच्या पूर्वी या प्रदेशात पाण्याच्या दोन जागा होत्या. एक घाट, जेथे माणूस पुण्यासाठी उतरे. दुसरी हौद, जेथे तो विसाव्यासाठी बसे. धरणाच्या काठची सहल ही या दोहोंची वारस आहे. परंतु तिला जे रूप आले ते आणखी तिसऱ्या ठिकाणाहून आले.

५

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात धरणाचा जलाशय हे पाहण्याचे स्थळ बनले. मुंबई इलाख्यात अशा जलाशयांस अभियंत्यांची नावे देण्यात आली होती: खडकवासल्याचा लेक फाइफ आणि भाटघरचा लेक व्हायटिंग ही त्यांची उदाहरणे. हैदराबाद संस्थानात निराळी पद्धत होती. मुसा नदीच्या १९०८ च्या महापुरानंतर हाती घेतलेल्या कामांतून १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर तयार झाले. मांजरा नदीवर १९३१ मध्ये निजामसागर झाला. या नावांचे पूर्वपद अरबी व उत्तरपद संस्कृत आहे. ही सांगड त्या काळी नवी नव्हती. १६व्या शतकातील हुसेनसागराने ती दक्षिणेत आधीच रुळविली होती. तिकडे म्हैसुरात कृष्णराजसागराच्या पायथ्याशी वृंदावन उद्यान उभे राहिले आणि धरण पाहण्यास जाणे म्हणजे कारंजी व रोषणाई पाहण्यास जाणे, असा संकेत देशभर पसरला.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, त्यानंतर द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात, असा प्रवास करीत आला. जलाशयांच्या नावांतही तो उमटला. 'सागर' हे उत्तरपद टिकले. पूर्वपदी निजामाच्या जागी मराठी मनास प्रिय असलेली नावे आली. कोयनेचा शिवाजीसागर, मुळेचा ज्ञानेश्वरसागर, उजनीचा यशवंतसागर आणि पैठणचा नाथसागर ही ती मालिका. राजा आणि संत यांना एकाच प्रत्ययासारख्या पदाने बांधणारी ही नामावली नव्या राज्याच्या आत्मप्रतिमेचे द्योतक आहे असे म्हणण्यास हरकत नाही.

६

धरणाच्या नावाचा इतिहास याहून उद्बोधक आहे. लोक नाथसागराच्या धरणास 'जायकवाडी' म्हणतात; परंतु पैठण परिसरात जायकवाडी नाही. त्या नावाचे गाव बीड जिल्ह्यात आहे. गोदावरीवरील या प्रकल्पाची मूळ योजना तेथे होती आणि साठा सुमारे २,१४७ दशलक्ष घनमीटर इतका कल्पिला होता. महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीनंतर फेरविचार होऊन जागा सुमारे १०० किलोमीटर वर, पैठणास, नेण्यात आली. धरण हलले, नाव हलले नाही. कागदावर एकदा रूढ झालेले नाव भूगोलास जुमानत नाही, याचे असे दुसरे उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

१८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादुर शास्त्री यांच्या हस्ते धरणाचा पायाभरणी समारंभ झाला. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. त्या वेळी मुख्यमंत्री असलेले शंकरराव चव्हाण यांच्या पाटबंधारेविषयक आग्रहाशी या प्रकल्पाचे नाव कायमचे निगडित झाले आहे. मातीच्या या धरणाची लांबी सुमारे १० किलोमीटर, उंची सुमारे ४१ मीटर, दरवाजे २७. एकूण साठा २,९०९ दशलक्ष घनमीटर, त्यांपैकी उपयुक्त २,१७०. डावा कालवा २०८ किलोमीटर आणि उजवा १३२ किलोमीटर लांबीचा आहे. जलाशय सुमारे ५५ किलोमीटर लांब, काही ठिकाणी २७ किलोमीटर रुंद आणि सरासरी ३५० चौरस किलोमीटर पृष्ठाचा आहे. येथील भूमी सपाट असल्यामुळे पाणी खोल न जाता पसरले. या एका गोष्टीतून पुढील अनेक गोष्टी उद्भवल्या.

उथळ पाणी, गाळाचे काठ आणि मधूनमधून वर राहिलेली बेटे ही पक्ष्यांस मानवली. हिवाळ्यात रोहित, चक्रवाक आणि नाना जातींची बदके येथे उतरू लागली, आणि १९८६ मध्ये हे क्षेत्र पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाले. धरणाच्या पायथ्याशी म्हैसूरच्या वृंदावनाच्या धर्तीवर विस्तीर्ण असे संत ज्ञानेश्वर उद्यान उभारण्यात आले. एका पिढीच्या शालेय सहलींच्या आठवणी या उद्यानातील कारंज्यांशी जोडलेल्या आहेत. पुढे देखभालीअभावी त्याची रया गेली आणि ते सावरण्याच्या योजना वेळोवेळी जाहीर झाल्या. जवळच गावात तीर्थस्तंभ, नाथवाडा, नदीकाठचे समाधिमंदिर, नागघाट आणि बाळासाहेब पाटील यांच्या नावाचे पुराणवस्तुसंग्रहालय आहे. पैठणीच्या मागावर रेशमाचा पदर विणताना पाहणे हाही आता सहलीचाच भाग झाला आहे. सहलीची कार्यक्रमपत्रिका अशी सिद्ध झाली: नवे धरण तिचे निमित्त आणि जुने तीर्थ तिची सामग्री.

७

या सामग्रीत एक गोष्ट दिसत नाही, कारण ती पाण्याखाली आहे.

गोदावरीच्या दोन्ही तीरांवरील सुपीक पट्ट्यास मराठीत 'गंगथडी' असे नाव आहे. गोदावरीस काठचे लोक गंगाच म्हणतात. थडी म्हणजे तीर. या शब्दात केवळ दिशा नाही, एक जीवनपद्धती आहे: काळी कसदार जमीन, नदीच्या पाण्यावरची बागाईत, पुराने आणून टाकलेली मळई, आणि दर काही कोसांवर एक उतार, एक घाट, एक महादेव. जलाशयाने यातील लांबच लांब पट्टा व्यापला. पैठण, गंगापूर, नेवासे आणि शेवगाव या तालुक्यांतील गावे उठली व उंचावर वसली. अशा गावांच्या नावांना 'जुने' आणि 'नवे' ही विशेषणे लागली. प्रवरा–गोदावरी संगमापाशी 'जुने कायगाव' आणि 'नवीन कायगाव' अशी जोडी आजही व्यवहारात आहे. बाहेरच्या माणसास या विशेषणांत केवळ पत्त्याची सोय दिसते. तेथल्या माणसासाठी 'जुने' या शब्दात घर, पांढरी, शिवार आणि स्मशान एवढे सगळे सामावलेले असते.

विस्थापनाने नवे शब्दही दिले. 'बुडीत क्षेत्र', 'धरणग्रस्त', 'पुनर्वसित गावठाण' हे शब्द सरकारी कागदांतून आले आणि लोकांच्या तोंडी बसले. उन्हाळ्यात पाणी मागे सरते तेव्हा उघड्या पडलेल्या गाळात जे पीक घेतात त्यास 'गाळपेर' म्हणतात. ज्याची स्वतःची जमीन तळाशी गेली त्याने काही महिन्यांपुरती तीच माती कसण्यास मागावी, असा या शब्दामागील व्यवहार आहे. पाणी ओसरल्यावर जुन्या वस्त्यांच्या खुणा दिसू लागतात तेव्हा सहलकरी त्या कुतूहलाने पाहतात. त्याच वेळी त्या गावचा एखादा वृद्ध तेथे आला असेल तर त्याच्या येण्यास कोणते नाव द्यावे? ती सहल नव्हे, यात्राही नव्हे. मराठीत त्यास अद्याप शब्द नाही.

८

घाटाचेही असेच झाले. धरण पैठणच्या वरच्या अंगास असल्यामुळे गावाजवळील नदीचे पात्र दरवाजांच्या स्वाधीन झाले. ऑगस्ट २००६ मध्ये मोठा विसर्ग करावा लागला तेव्हा पैठण गावात पाणी शिरले. उलट, कोरड्या वर्षी नाथषष्ठीस आलेल्या वारकऱ्यांच्या स्नानासाठी धरणातून पात्रात पाणी सोडावे लागते. म्हणजे यात्रा सहलीपासून अलिप्त राहिलेली नाही. दोघींचेही पाणी एकाच किल्लीने उघडते.

ती किल्ली पैठणच्याही हाती पूर्णपणे नाही. वरच्या अंगास नाशिक व अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यांत दारणा, गंगापूर, भंडारदरा, मुळा यांसारखी धरणे आहेत. त्यांनी अडविलेल्या पाण्यापैकी नाथसागराच्या वाट्यास किती यावे हा वाद दुष्काळी वर्षांत उग्र होत गेला. २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमाने समन्यायी वाटपाचे तत्त्व घातले. प्राधिकरणाने २०१४ मध्ये दिलेल्या आदेशानुसार ऑक्टोबरच्या मध्यास नाथसागरातील उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असल्यास वरून पाणी सोडण्याचा प्रश्न उपस्थित होतो. वृत्तपत्रांतून दररोज छापली जाणारी जलसाठ्याची टक्केवारी हे मराठवाड्याचे एक प्रकारचे पंचांगच झाले आहे. ती वाढली की पुंडलिकनगरची कुटुंबे दरवाजे उघडल्याचा देखावा पाहण्यास निघतात. ती घटली की त्याच कुटुंबांना टँकरची वाट पाहावी लागते.

९

एवंच, नाथसागराची सहल ही पैठणच्या यात्रेची केवळ लौकिक आवृत्ती आहे असे म्हणणे अपुरे ठरेल. तिच्यात घाट, हौद आणि उद्यान या तीन परंपरा एकत्र आल्या. तिने असंख्य सामान्य कुटुंबांस, ज्यांना दूरचा प्रवास परवडत नाही त्यांस, आपल्या प्रदेशाचा इतिहास एका दिवसात पाहण्याची संधी दिली. हे तिचे ऋण नाकारता येत नाही. परंतु ज्याच्यामुळे हे शक्य झाले तो जलाशय गंगथडीवर उभा आहे, आणि त्याची किंमत सहल करणाऱ्यांनी दिलेली नाही.

या जलाशयास ज्यांचे नाव आहे त्यांची एक कथा परंपरागत चरित्रांत सांगितली जाते. काशीहून रामेश्वरास अर्पण करण्यासाठी आणलेले गंगाजल एकनाथांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या एका गाढवास पाजले. यात्रा तेथेच पुरी झाली असे त्यांनी मानले. कथेचा ऐतिहासिक आधार काहीही असो, तीत पाण्याच्या हक्काचा एक क्रम सांगितला आहे: आधी तहान, मग पुण्य. देखाव्याचे स्थान त्यानंतर कोठेतरी येईल. 'नाथसागर' हे नाव ठरविताना हा क्रम कोणाच्या मनात होता किंवा नाही, हे सांगता येत नाही. पण नाव दिले गेले आहे आणि त्याचा अर्थ त्यात आहेच. नाथवाड्यातील रांजणात फाल्गुन वद्य द्वितीयेपासून घागरीघागरीने पाणी पडू लागते, तेव्हा बाहेरच्या त्या अफाट साठ्याचे मोजमापही याच रांजणाने करावे लागेल: तो किती पसरला यावरून नव्हे, तर तो कोणाच्या घरापर्यंत पोचला यावरून.